टोमण्यासकट उत्तर

जगातला सगळ्यात नेमका प्रश्न एका शब्दाचा आहे आणि तो मुंबईच्या लोकलमध्ये विचारला जातो. "दादर?"

खांद्यावर मागून दोन बोटं टेकतात आणि कानाशी हा शब्द येतो. क्रियापद नाही, 'कृपया' नाही, 'जरा विचारू का' नाही. तरी त्यात सगळं आलं. तुम्ही दादरला उतरणार का? उतरणार असाल तर मी तुमच्या मागे आहे, तुम्ही हललात की मी हलेन. उतरणार नसाल तर दारात कशाला उभे राहिलात, बाजूला व्हा. आणि तुमच्या पुढे जो उभा आहे त्याला तुम्ही हेच विचारून ठेवलं असेल, असं मी धरून चालतो. उत्तराला तोंड उघडावं लागत नाही. मान एकदा खाली गेली की करार झाला.

नवखा इथेच सापडतो. "दादर?" म्हटलं की तो वाकून बाहेर बघतो आणि प्रामाणिकपणे सांगतो, "नाही, अजून माटुंगा." त्याला वाटतं मागचा माणूस भूगोल विचारतोय. दुसरा एक प्रकार आहे, तो गाडी सुटल्यावर विचारतो, "ही दादरला थांबते ना?" हा प्रश्न फलाटावर विचारला तर व्यवहाराचा असतो, सुटलेल्या गाडीत तो अध्यात्माचा होतो. पण डबा त्यालाही उत्तर देतो. एकाच वेळी पाच जण देतात. "थांबते." "फास्ट आहे." "इंडिकेटर कशाला लावलाय?" "आधी विचारायला काय झालं होतं?" मग कोपऱ्यातून एक मुरलेला आवाज येतो, "पण जायचंय कुठे?"

"परळला."

"मग दादर कशाला विचारतोस?"

"परळ दादरच्या बाजूलाच आहे म्हणाले."

यावर डबाभर एक उसासा. मग त्याला रीतसर समजावलं जातं की ही परळला थांबत नाही, दादरला उतर, स्लो पकड, पुढचंच स्टेशन, आणि आत्तापासून दाराकडे सरकायला लाग, नाहीतर भायखळ्याला जाशील.

प्रोग्रामिंगच्या जगात याला 'एक्स-वाय प्रॉब्लेम' असं भारदस्त नाव आहे. माणसाला हवं असतं एक्स. वाय केलं की एक्स मिळेल, हे त्याने मनाशी परस्पर ठरवलेलं असतं. मग तो फक्त वायबद्दल विचारत सुटतो आणि एक्सचं नावही काढत नाही. परळ लपवून दादर विचारणं ते हेच. फरक एवढाच, की लोकलमध्ये कोणीतरी "जायचंय कुठे?" विचारतो.

हा एक्स-वाय मला कळला तो आमच्या मजल्यावरच्या एका मुलामुळे. मुलगा हुशार आहे, दादरच्या एका क्लासात पायथन शिकतो आणि संध्याकाळी गॅलरीत लॅपटॉप मांडीवर घेऊन बसतो, कारण वायफाय तिथेच पकडतं. त्याने इंटरनेटवरच्या जाणकारांना आयुष्यातला पहिला प्रश्न विचारला. प्रश्नाचं शीर्षक होतं, "कोड चालत नाही, अर्जंट, प्लीज हेल्प." खाली मोबाईलने काढलेला स्क्रीनचा फोटो. फोटोत कोडपेक्षा ट्यूबलाइट ठळक होती, आणि काचेत मागच्या दोरीवरचे टॉवेल स्पष्ट दिसत होते. पहिला चहा संपायच्या आत प्रश्न बंद. खाली शेरा, की हे आधीच विचारून झालंय, अमुक ठिकाणी बघा. ते अमुक ठिकाण उघडलं तर मुलगा जेमतेम बालवाडीत असेल तेव्हाची चर्चा, आणि तीही भलत्याच गोष्टीवर.

मुलगा हिरमुसला. मी विचारलं, "नेमकं होतं काय?"

"एरर येतो."

"काय म्हणतो?"

"लाल अक्षरात काहीतरी."

"ते काहीतरी वाचलंस?"

वाचलं नव्हतं. यंत्र बिचारं कुठल्या ओळीत काय चुकलंय ते ओळीच्या क्रमांकासकट सांगत होतं, आणि हा इंडिकेटरखाली उभा राहून "ही गाडी कुठली?" विचारत होता. म्हणजे जाणकारांचा वैताग मला समजतो. रोज शंभर माणसं इंडिकेटरखाली उभी राहून हेच विचारू लागली तर एकशे एकाव्याला काय ऐकावं लागेल, हे सांगायला ज्योतिषी नको.

या वैतागाचा एक ग्रंथच आहे. एरिक रेमंड आणि रिक मोएन या दोघांनी २००१ साली प्रश्न शहाण्यासारखे कसे विचारावेत यावर एक लांबलचक मार्गदर्शिका लिहिली. आधी स्वतः शोधा, काय काय करून पाहिलं ते लिहा, शीर्षकात 'अर्जंट' लिहू नका, तुमची घाई ही तुमची अडचण आहे. सगळं खरं आणि पटणारं. मग झालं काय, की ठिकठिकाणच्या मंडळींनी आपापल्या मदतीच्या पानावर या मार्गदर्शिकेचा दुवा देऊन ठेवला, आणि ती वाचायला आलेली माणसं तिच्या लेखकांनाच पत्रं पाठवू लागली, की आमचं अमुक सॉफ्टवेअर चालत नाही, काय करू? शेवटी सुरुवातीलाच ठसठशीत लिहावं लागलं की बाबांनो, आम्ही तुमच्या प्रकल्पाचं मदत केंद्र नाही. प्रश्न कसा विचारावा हे सांगणाऱ्याला सर्वात जास्त चुकीचे प्रश्न आले. मला ही हकीकत फार आवडते. देवळाबाहेर चपला सांभाळणाऱ्यालाच आरतीची वेळ विचारतात.

त्याच्याही आधीची गोष्ट. अमेरिकेत इंटरनेटवरच्या जुन्या चर्चागटांत दर सप्टेंबरला कॉलेजची नवी पोरं यायची, महिनाभर बावळट प्रश्न विचारायची आणि दटावून घेऊन सुधारायची. १९९३ पासून नव्यांचा ओघ इतका वाढला की तो सप्टेंबर संपेचना, आणि जुने लोक आजही त्याला 'न संपलेला सप्टेंबर' म्हणतात. मुंबईकराला यात नवल वाटू नये. दादरला रोज सकाळी लांब पल्ल्याच्या गाड्या रिकाम्या होतात. आपल्याकडे सप्टेंबर बारमाही आहे.

पुढे २००८ मध्ये जेफ अ‍ॅटवुड आणि जोएल स्पोल्स्की यांनी स्टॅक ओव्हरफ्लो हे प्रोग्रामिंगच्या प्रश्नोत्तरांचं संकेतस्थळ काढलं. कल्पना चोख होती. एक प्रश्न एकदाच विचारायचा, त्याला मतं मिळवत उत्तम उत्तर वर चढणार, आणि जगातल्या सगळ्यांनी तेच वाचायचं. जगाचं काम त्यावर चाललं हे नाकारण्यात अर्थ नाही. पण 'एकदाच विचारायचा' हा नियम माणसांच्या हाती गेला की त्याचा शिपाई होतो, आणि शिपायाला दार उघडण्यापेक्षा बंद करण्यात जास्त अधिकार वाटतो. २०१८ च्या एप्रिलमध्ये त्यांनी स्वतःच जाहीर कबुली दिली, की नव्यांना इथे परकं आणि अपमानास्पद वाटतं. त्याच वर्षी नव्या माणसाच्या नावापुढे हात हलवणारं एक छोटं चित्र दिसू लागलं: हा नवा आहे, सांभाळून घ्या. दादरच्या पुलावर असं चित्र लावायचं ठरलं तर कोणाच्या डोक्यावर लावायचं हा प्रश्न पडेल, कारण तिथे जुनी माणसंही रातोरात नवी होतात.

हे मी उगाच म्हणत नाही. दादरला पश्चिम रेल्वेचा एक नंबर होता आणि मध्य रेल्वेचाही एक नंबर होता. "एक नंबरला भेट" असं ठरवून दोन माणसं दोन एक नंबरांवर तासभर उभी राहायची आणि परस्परांच्या बेजबाबदारपणावर विचार करायची. ९ डिसेंबर २०२३ पासून रेल्वेने सलग आकडे दिले. पश्चिमेचे एक ते सात तसेच राहिले आणि मध्य रेल्वेचे फलाट आठपासून चौदापर्यंत झाले. मध्येच जुना दोन नंबर एकच्या रुंदीकरणात गेला होता, त्यामुळे जुना एक म्हणजे आठ, पण जुना तीन म्हणजे नऊ. अमुक मिळवा म्हणजे नवा आकडा मिळेल, असं सूत्रही राहिलं नाही. त्या सकाळी तीस-तीस वर्षं पास काढणारी माणसं, ज्यांनी आयुष्यात कोणाला काही विचारलं नव्हतं, फलाटावर उभी राहून शेजारच्या कॉलेजच्या पोराला विचारत होती, "बाळा, कल्याण स्लो कुठे लागते?" आणि पोरगा कानातलं काढून सांगत होता, "काका, बोर्ड बघा ना." काकांचा चेहरा बघण्यासारखा होता. हे वाक्य त्यांनी आजवर फक्त दिलेलं होतं, कधी घेतलेलं नव्हतं.

जाणकाराची आणखी एक खोड म्हणजे तो उत्तर देतो ते त्याच्या काळातलं. गिरगावात पत्ता विचारून पाहा. "मॅजेस्टिकपाशी या," म्हणतील. १९३१ च्या १४ मार्चला 'आलम आरा' जिथे झळकला ते मॅजेस्टिक थिएटर जाऊन किती काळ लोटला, तिथे आता दुकानं आहेत, पण पत्त्यात पडदा अजून लागलेला आहे. लॅमिंग्टन रोड कुठे विचारलं तर सगळे सांगतील, डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग कुठे विचारलं तर तिथलाच दुकानदार दुसऱ्याला विचारायला जाईल. प्रभादेवी स्टेशन २०१८ पासून प्रभादेवी आहे, तरी "एल्फिन्स्टनला उतर" हे वाक्य निवृत्त व्हायला तयार नाही. आणि 'दादर टीटी', म्हणजे ट्राम टर्मिनस! शेवटची ट्राम १९६४ च्या ३१ मार्चला बोरीबंदरहून दादरला आली आणि कायमची थांबली. सरकारदरबारी तो चौक खोदादाद सर्कल. पण ट्रामचा रूळही न पाहिलेली माणसं आजही सांगतात, "टीटीला उतरा." मुंबईत नवा आलेला तिथे टेबल टेनिसचा हॉल शोधतो. विचारलं तर उत्तर मिळतं, "एवढं माहीत नाही?" त्याला माहीत नसतं हे तर झालंच; सांगणाऱ्यालाही टीटी म्हणजे काय ते ठाऊक नसतं. तो फक्त जास्त वेळा उतरलेला असतो. प्रोग्रामिंगमधली कितीतरी विद्वत्ता याच जातीची आहे, असं आमच्या मजल्यावरच्या मुलाचं मत आहे, आणि मला ते अमान्य करता येत नाही.

लॅमिंग्टन रोडच्या काउंटरचं मात्र मला कौतुक आहे. तिथे प्रश्न बंद होत नाही, ताबडतोब उलटा येतो. "लॅपटॉपचा चार्जर द्या." "कुठला?" "काळा." दुकानदार हसत नाही, रागावत नाही, फक्त हात पुढे करतो आणि म्हणतो, "जुना दाखव." त्याच्या या दोन शब्दांत रेमंड-मोएन यांची अख्खी मार्गदर्शिका मावते.

नव्या माणसाच्या प्रश्नाचा सगळ्यात मोठा बंदोबस्त मात्र गिरणगावात झाला होता. लालबाग-परळच्या चाळींत गावकीच्या खोल्या असत. कोकणातल्या एकेका गावाची एकेक खोली, भिंतीला ट्रंका, दोरीवर कपडे, आणि पाळीप्रमाणे झोपायला येणारे बाप्ये. रातपाळीचा येऊन पडेपर्यंत दिवसपाळीचा उठून गेलेला असे. जेवण खानावळीतल्या बाईकडे. भाऊच्या धक्क्यावर बोटीतून उतरलेला गावचा पोरगा इथे यायचा तो कोरा करकरीत. गिरणीचा पहिला भोंगा झाला की निघायचं की दुसरा? बदली म्हणजे काय? कामावर घेणाऱ्या जॉबरशी बोलायचं कसं? रिंग खात्यात बरं की साचा खात्यात? नळाची रांग कुठून लागते? एकापेक्षा एक बाळबोध प्रश्न, आणि विचारायची वेळ बहुधा कोणीतरी नुकतं झोपलेलं असताना.

तेव्हा सगळे प्रेमळ होते असं कोणी समजू नये. माझे एक चुलते अशा खोलीत राहिलेले. त्यांनी पहिल्याच दिवशी भोंग्याचं विचारलं तेव्हा एका म्हाताऱ्याने अंथरुणातूनच सांगितलं होतं, "तुझ्या बापाने पण हेच विचारलं होतं. तोही असाच मठ्ठ." म्हणजे प्रश्न आधीच विचारून झालाय हे त्या खोलीतही सांगितलं जाई. पण पुढे म्हाताऱ्याने उठून बसून सांगितलं, की पहिल्याला उठ, दुसऱ्याला गेटात हवास, आणि बदलीचा बिल्ला मिळेपर्यंत रोज गेटावर उभा राहा, एक दिवस चुकवलास तर दुसरा घुसेल. टोमणा मिळाला आणि उत्तरही मिळालं. टोमणा बापासकट होता आणि उत्तर पोटापाण्याचं होतं.

माझं यातलं मत ठाम आहे. टोमण्याला माझी हरकत नाही. टोमणा ही शिकवणाऱ्याची फी आहे, आणि ज्याने स्वतः पुष्कळ फी भरली त्याला ती वसूल करायची हौस असतेच. हरकत आहे ती फी घेऊन वर्ग न भरवण्याला. गावकीच्या खोलीत तसं करता येत नसे. बातमी गणपतीला गावी जाणाऱ्या पहिल्या माणसाबरोबर पोचायची, की अमक्याने तमक्याच्या पोराला साधी वाट सांगितली नाही, आणि मग त्या अमक्याच्या आईला विहिरीवर तोंड दाखवणं जड जायचं. इंटरनेटवर 'कोडनिंजा' नावाच्या माणसाला आई असल्याचा पुरावाच सापडत नाही.

आता या सगळ्यातून नव्यांची सुटका झाली आहे म्हणतात. आमच्या मजल्यावरचा मुलगा हल्ली माणसांना विचारत नाही, चॅटजीपीटीला विचारतो. ते यंत्र कधी चिडत नाही, रात्री दोनलाही चिडत नाही, तोच प्रश्न सात वेळा विचारला तरी सातव्यांदा म्हणतं, "उत्तम प्रश्न!" मला या दोन शब्दांनी जरा बिचकायला होतं. लालबागमध्ये आजवर कोणी कोणाला 'उत्तम प्रश्न' म्हटल्याचं मी ऐकलेलं नाही. म्हटलंच, तर ऐकणाऱ्याने पाकीट चाचपलं असतं.

यंदा मे महिन्यात लालबागच्या मिरची गल्लीत ही सगळी विद्या मी एकत्र बघितली. वर्षाच्या मसाल्याचे दिवस. पोती उघडी, हवेत खकाणा, निम्मी गल्ली शिंकतेय आणि उरलेली निम्मी भाव करतेय. एक नवी मुलगी, लग्नाला फार तर वर्ष झालेलं असेल, पिशव्या घेऊन दुकानासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "दादा, मसाल्यासाठी चांगली मिरची द्या."

दुकानदाराने लगेच काउंटरचा धर्म पाळला. "मसाला कुठला? मालवणी, आगरी, घाटी? रंग हवा की तिखट हवं? घरात माणसं किती? मासे किती वेळा होतात?"

मुलीने फोन काढला. तिने यंत्राला सगळं विचारून आणलं होतं. वाचायला लागली: बेडगी, संकेश्वरी, काश्मिरी, सगळी नावं बरोबर. दुकानदारही मान डोलावू लागला. मग ती म्हणाली, "आणि दोन टेबलस्पून धणे."

"किती किलो मिरचीला?"

"पाच."

शेजारी एक मालवणी मावशी दगडफूल निवडत होत्या. त्यांचा हात थांबला. "धणे चमच्यान मोजतत? गाव खयचो गो तुझो?" मुलीने गाव सांगितलं. सासरचं की माहेरचं ते विचारून झालं. मग मावशींनी फोन बाजूला करून स्वतःचं प्रमाण सांगायला सुरुवात केली आणि ते पुरं व्हायच्या आत पलीकडच्या काकूंनी त्याला आक्षेप घेतला, की एवढी लवंगी घातलीत तर नातवंडं जेवतील का. लवंगीवरून बोलणं त्रिफळांवर गेलं, त्रिफळांवरून कोणाच्या सासूचा मसाला कसा पावसाळ्यात खराब झाला होता त्यावर, कारण बरणीत हिंगाचे खडे घातले नव्हते. मुलगी बाजूलाच राहिली. हेही रीतीला धरून आहे; जाणकार दोन झाले की विचारणाऱ्याची गरज संपते. पण तिने एक शहाणपणा केला. फोनमधलं ते 'उत्तम प्रश्न' खोडून ती दोघींचं सगळं लिहून घेत राहिली, आणि शेवटी दोघींचं जिथे एकमत झालं तेवढं दुकानदाराकडून बांधून घेतलं. देठं काढायची, ऊन दाखवायचं, खडा मसाला वेगळा भाजायचा, आणि डंकावर आपला मसाला समोर उभं राहून कुटून घ्यायचा, क्षणभरही हलायचं नाही, हेही ऐकून घेतलं. मध्ये दोनदा "आजकालच्या मुली" झालं. तेही तिने फीमध्ये धरलं असावं.

तीन-चार दिवसांनी मी पुन्हा त्या बाजूला गेलो होतो. डंकाच्या रांगेत तीच मुलगी, तोंडाला ओढणी बांधून, डब्यावर पाय रोवून उभी. मागे एक पंचविशीचा मुलगा येऊन थांबला. हातात मिरच्यांची पिशवी, आईने फोनवरून पाठवलेला दिसत होता. त्याने चाचरत विचारलं, "इथे मिरची भाजूनपण देतात का?"

तिने त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं. "समोर बोर्ड आहे, वाचता येत नाही?" मग पिशवीत डोकावली. "देतात. पण ही देठं कोण काढणार, ते? घरी जा, देठं काढ, दोन दिवस ऊन दे, नाहीतर कुटताना चिकटेल. आणि सकाळी सातला ये, नंतर नंबर लागत नाही. मसाला कुठला करताय? मालवणी? मग धणे किती घेतलेस?"